नावासकट नंबर

मच्छिंद्र अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या सुटकेसमध्ये पोरांच्या चॉकलेटांखाली पुस्तकाएवढे काळे डबे होते. डब्याला पुढं हिरवे दिवे, मागं वायरी खुपसायची भोकं. साल दोन हजार आठ. कुंभार पिंपळगावात ब्रॉडबँड येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते घेतलं होतं थोरल्या भावानं, काकासाहेबानं, खताच्या दुकानाच्या कामासाठी. पण टेलिफोनची लाइन घरातली होती आणि ती वडील रामराव ग्रामसेवक वारल्यावर आई द्वारकाबाईच्या नावावर आलेली होती.

मच्छिंद्रनं सगळ्यांना बैठकीत बसवून समजावलं. "मोठ्या ऑफिसात असतो ना, तसा फोन हाय हा. साहेबाचा नंबर येगळा, क्लार्कचा येगळा, पण सगळे एकमेकाला जोडलेले. ह्याची मशीन तिकडं अमेरिकेत एका कंपनीकडं हाय, आपुन ती भाड्यानं घेतली. आपल्या घरी फक्त हा डबा. डबा इंटरनेटला जोडायचा आन डब्याला साधा फोन. मंग पिंपळगाव काय, औरंगाबाद काय, न्यूजर्सी काय, सगळं एकच घर. तीन आकडे दाबले की घंटी. आन रविवारी सकाळी पाचशे दाबायचं, म्हणजे सगळे एकदम एकाच फोनवर. कितीबी वेळ बोला."

एका डब्याला दोन फोन लागत होते. एक त्यानं बैठकीत ठेवला, दुसरा आईच्या खोलीत. औरंगाबादला मोठ्या बहिणीकडं, चांगुणाकडं, तो कालच डबा बसवून आला होता.

"नंबर ध्यानात न्हाई राह्यला तर शून्य दाबायचं. मीच बोललोय त्यात. ऐक आई."

द्वारकाबाईनं रिसीव्हर कानाला लावला. आतून मच्छिंद्रचाच आवाज आला, जरा साहेबी थाटाचा : "आईसाठी दोनशे एक. काकासाहेब दादांसाठी दोनशे दोन. चांगुणाबाईसाठी दोनशे तीन. मच्छिंद्रसाठी दोनशे चार." मग टुंग असा आवाज आणि पुन्हा पहिल्यापासून. द्वारकाबाईनं दोनदा ऐकलं. रिसीव्हर तसाच हातात धरून तिनं विचारलं,

"आन प्रभाचा?"

काकासाहेबाची बायको केशरबाई चहाचे कप गोळा करत होती, ती तिथंच थबकली.

काकासाहेब म्हणाला, "घराचा फोन हाय हा. ती घरातली न्हाई."

प्रभावती शेंडेफळ. जालन्याला कॉलेजात असताना देवानंद नावाच्या पोराशी तिचं जुळलं. पोरगा मंठ्याचा, बौद्धाघरचा, शिकलेला. सहा वर्षांपूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं. काकासाहेबानं तेव्हा दारात उभं राहून चार माणसांदेखत सांगितलं होतं की मला दोनच बहीणभाऊ, तिसरी नव्हतीच. त्याच्या हाताखाली दुकान होतं, शेती होती, बाजार समितीच्या राजकारणात त्याचं नाव होऊ लागलं होतं. द्वारकाबाई त्या वेळी चौकटीच्या आत उभी होती आणि गप्प राहिली होती. त्यानंतर मायलेकी दोनदा भेटल्या. परतूरच्या एसटी स्टँडवर, कोणाच्या लग्नाचं निमित्त करून, बाकड्याच्या टोकाला बसून.

मच्छिंद्रला वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो चुलीपाशी येऊन आईच्या शेजारी बसला.

"आई, एक डबा उरलाय माझ्याकडं. जाताना मंठ्यात प्रभाला देऊन जातो. दोनशे पाच माझ्याकडच्याच दुसऱ्या फोनला हाय, तिला दोनशे सहा नंबर देतो. शून्य दाबल्यावर तिचं नाव ऐकू येणार न्हाई, रविवारच्या फोनवर ती राहणार न्हाई. पण तू तुझ्या खोलीतून दाबलंस की ती बोलंल. दादाला पत्ताच लागत न्हाई."

द्वारकाबाईला बरं वाटलं. पोराच्या डोक्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "बराबर. भांडणबी न्हाई आन बोलणंबी झालं."

मच्छिंद्र गेला. त्याचं विमान पोचलं असेल असा हिशेब करून द्वारकाबाईनं दुपारी, काकासाहेब दुकानात असताना, खोलीचं दार लोटलं आणि दोन, शून्य, सहा दाबलं. बाईचा इंग्रजी आवाज आला आणि फोन बंद झाला. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच बाई.

मग तिनं दोनशे चार लावला. तिकडं पहाट होती. मच्छिंद्र झोपेतून उठला.

"आई, तिनं डबा घेतला न्हाई."

"काहून?"

"म्हणाली, दडवलेला नंबर मला नको. चहा पाजला, पोराला दाखवलं, आन डबा माझ्या हातात परत दिला."

"पोरगं? कोणाचं पोरगं?"

"तुला म्हाईत न्हाई? तिला मुलगा हाय आई. तीन वर्षांचा."

द्वारकाबाईनं फोन ठेवला. स्टँडवरच्या भेटीला चार वर्षं होऊन गेली होती. मधे तिनं काही विचारलं नव्हतं आणि सांगायला कोणी आलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिनं केशरबाईला सांगितलं, "मी मंठ्याला जाऊन येते."

केशरबाई पीठ मळत होती. "आत्याबाई, ह्यांना काय सांगू?"

"मंठ्याला गेली म्हणून सांग. दुसरं काय सांगतीस?"

परतूरला गाडी बदलून ती मंठ्यात उतरली तेव्हा ऊन कलंडायला लागलं होतं. घर विचारत विचारत गेली. दोन खोल्या पुढं, त्यात प्रभावतीचा संगणकाचा क्लास, मागं राहणं. दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. ती देवानंदची आई, कांताबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झालेली.

"रामराम," द्वारकाबाई म्हणाली. "मी प्रभाची आई."

"जयभीम. या." कांताबाईनं खुर्ची पुढं सरकवली. स्वतः समोर बसली. काही आणायला उठली नाही. शेवटी द्वारकाबाईच म्हणाली,

"पाणी द्या की हो. परतूरपासून घसा कोरडा हाय."

कांताबाई हसली. "तुम्ही मागताय का तेच बघत व्हते." आणि तांब्या भरून घेऊन आली.

क्लास सुटला. प्रभावती मागं आली आणि आईला बघून दारातच उभी राहिली. अंगानं भरली होती, नाकावर चष्मा आला होता. द्वारकाबाई उठून तिला जवळ घ्यायला गेली, तशी ती जवळ आली खरी, पण लगेच बाजूला होऊन बसली.

"डबा काहून परत केलास माय? मी कितीदा नंबर दाबला."

"कोणता नंबर? जो कोणाला ऐकू येत न्हाई तो?"

"बोलता तर आलं असतं."

"आई, परतूरच्या स्टँडवर आपुन दोनदा भेटलो. दोन्ही बारीला तू पदर तोंडावर ओढून आल्तीस. कोणी ओळखीचं दिसलं की तू उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसायचीस. लग्न म्या केलं आन लपत तू फिरलीस." प्रभावतीचा आवाज चढला नव्हता. "म्या काय चोरी केली न्हाई. माझा पोरगा उद्या इचारंल, आजी दार लावून काहून बोलते म्हणून. काय सांगू?"

द्वारकाबाईनं कांताबाईकडं पाहिलं. तिला वाटलं, वडीलधारी बाई आहे, समजूत घालेल.

कांताबाई म्हणाली, "माझ्याकडं नका बघू. मी तिच्या बाजूची हाय. तुमच्या घरात माझ्या सुनेचं नाव घ्यायची सोय नसंल, तर तुमचा फोन तुम्हाला लखलाभ. आम्ही मोबाइलवर रिचार्ज मारतो. आम्हाला कोणी तोंड दाबून बोलावलेलं चालत न्हाई. लई पिढ्या झालं तसलं बोलावणं."

तेवढ्यात एक पोरगा चड्डी सावरत आत आला आणि अनोळखी बाईला बघून कांताबाईच्या मागं लपला. द्वारकाबाईनं त्याला बोलावलं नाही. आपण त्याच्यासाठी काहीच आणलं नाही, हे तिला त्याच क्षणी सुचलं. ती नुसती बघत राहिली. रामरावांचे कान होते त्याला.

जायच्या वेळी देवानंद कॉलेजातल्या नोकरीवरून आला. स्टँडपर्यंत सोबत चालला. तो म्हणाला, "मामी, तुम्ही आलात हे चांगलं केलं. पण तिचं बोलणं मनावर घ्या."

"घेतलं," द्वारकाबाई म्हणाली.

रविवारी सकाळी नऊला सगळे फोनवर जमायचे. दहाला लोडशेडिंग, म्हणून ती वेळ. तिकडं मच्छिंद्रकडं शनिवारची रात्र असायची. बैठकीतल्या फोनचा आवाज खोलीभर ऐकू येईल असं बटण होतं, ते काकासाहेबच दाबायचा. त्या रविवारी चांगुणा औरंगाबादहून पापडांबद्दल बोलत होती, मच्छिंद्रची पोरं मधूनच ओरडत होती. द्वारकाबाई उठून फोनजवळ आली.

"मच्छिंद्र, शून्य दाबल्यावर प्रभाचं नाव आलं पाह्यजे."

पापड थांबले.

"आई," काकासाहेब म्हणाला, "हा इषय झाला हाय."

"माझा झाला न्हाई. मच्छिंद्र, ऐकतोस ना?"

"ऐकून राह्यलो आई. पण दादा..."

"दादाचं सोड. मशीन तू घेतलीस. लाइन माझ्या नावावर हाय. मी सांगते ते कर."

काकासाहेब उभा राहिला. "माझ्या पोरीच्या सोयरिकी बघून राह्यलो मी. उद्या पाव्हणे बसलेले असताना ह्या फोनवर तिचं नाव निघालं तर? गावात तोंड दाखवायचं मला हाय, त्याला न्हाई."

"त्या पाव्हण्यांना मीच सांगीन, प्रभा माझी लेक हाय म्हणून. जे उठून जातील त्यांच्या घरी आपली नात द्यायचीच न्हाई."

मच्छिंद्र अमेरिकेतून मऊ आवाजात म्हणाला, "आई, थोडं थांबू. दिवाळीला मी येतोय, मंग बसून..."

"मंग असं कर," द्वारकाबाई म्हणाली. "माझं नावबी काढ त्यातून. चार लेकरांची आई म्हणून तू माझं नाव पयलं टाकलंस. तिघांचीच आई व्हायचं असंल तर मला तो नंबर नको."

आणि ती अंगणात जाऊन बसली.

पुढच्या रविवारी फोन वाजला, ती उठली नाही. तिच्या खोलीतला वाजला, तरी नाही. केशरबाईनं येऊन सांगितलं, "आत्याबाई, मच्छिंद्रभाऊजी तुम्हालाच बोलायचं म्हणतेत." द्वारकाबाई तूर निवडत होती. "त्याला म्हणावं, आई घरात हाय, हातपाय धड हायेत, फक्त फोनवर न्हाई." असे बरेच रविवार गेले. मच्छिंद्रची पोरं विचारायला लागली, आजी आजारी आहे का. चांगुणानं औरंगाबादहून साधा फोन करून समजूत घालून पाहिली, "आई, कशाला सगळ्यांना तरास?" तिलाही उत्तर मिळालं, "तुझी बहीण हाय ती. तुला तरास झाला न्हाई का सहा वर्षं?" चांगुणा त्यावर रडली आणि तिनंच मग मच्छिंद्रला फोन लावला. काय बोलली ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

मच्छिंद्रनं मंठ्याला नवा डबा पाठवला आणि एका शनिवारी रात्री अमेरिकेत बसून पुन्हा आवाज भरला. इकडं सकाळ होताच फोन करून केशरबाईला सांगितलं, "वहिनी, आईला म्हणावं, एकदा शून्य दाब."

द्वारकाबाईनं दाबलं. बैठकीतल्या फोनवरून, बटण दाबून, खोलीभर आवाज करून. "आईसाठी दोनशे एक. काकासाहेब दादांसाठी दोनशे दोन. चांगुणाबाईसाठी दोनशे तीन. मच्छिंद्रसाठी दोनशे चार. प्रभावतीसाठी दोनशे सहा."

काकासाहेब दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून तो आला, डब्याच्या सगळ्या वायरी ओढून काढल्या, डबा काखेत घातला आणि दुकानात नेऊन लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला. परत येऊन म्हणाला, "झालं. आता कोणाचंच नाव न्हाई."

द्वारकाबाईनं आरडाओरडा केला नाही. दुकान पोराचं होतं आणि कुलूप फोडायला ती चोर नव्हती. तिनं पिशवीत दोन लुगडी घातली, नातवासाठी शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि काकासाहेबासमोरून चालत स्टँडवर गेली.

"कुठं चाललीस?" त्यानं मागून विचारलं.

"जिथं फोन हाय तिथं."

पुढच्या रविवारी सकाळी नऊला ती मंठ्यात प्रभावतीच्या क्लासमध्ये संगणकांच्या मधोमध बसली होती. डब्याचे हिरवे दिवे चालू होते. प्रभावतीनं पाचशे दाबलं. तिकडून चांगुणाचा आवाज आला, "कोण?"

"मी प्रभा."

मग मच्छिंद्रची पोरं आली, त्यांनी इंग्रजीत विचारलं की ही कोणती आत्या. प्रभावतीनं त्यांना मराठीत उत्तर दिलं. द्वारकाबाई म्हणाली, "मीबी हाय इथं. दोनशे सहावरून बोलून राह्यले. पिंपळगावचा फोन कपाटात हाय."

मच्छिंद्र हसला. तेवढ्यात फोनमध्ये टुंग वाजलं. आणखी कोणीतरी आत आलं होतं.

"कोण हाय?" मच्छिंद्रनं विचारलं.

"मी. केशर."

काकासाहेब बाजार समितीच्या कामानं घनसावंगीला गेला होता. दुकानाच्या किल्ल्या खुंटीवर होत्या. केशरबाईनं कपाट उघडून डबा आणला आणि मच्छिंद्रला जोडताना पाहिलं होतं तशा वायरी लावल्या. एक चुकली, मग बदलली. आजवर रविवारच्या फोनवर ती कधी बोललीच नव्हती. पाठीमागून कप देता-घेता हसायची तेवढंच.

"प्रभावन्सं, बऱ्या हायेत का?" तिनं विचारलं. मग घसा साफ करून म्हणाली, "भाऊजी, एक इचारू का? ह्या फोनमधी माझंबी नाव न्हाई. काकासाहेबांसाठी दोनशे दोन म्हणता. मला प्रभावन्संनी फोन करायचा म्हणलं तर काय दाबायचं?"

"वहिनी, घरातलाच फोन हाय ना तो..." मच्छिंद्र म्हणाला.

"घरातलाच हाय. मंग घरातली मी न्हाई का?"

कांताबाई मागं उभी होती. ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "शाब्बास!"

"कोण ते?" केशरबाईनं विचारलं.

"मी प्रभाची सासू. बोला तुम्ही, थांबू नका."

पण केशरबाई थांबली, कारण तिच्या मागं दार वाजलं होतं. पुढचं सगळ्यांनी फोनवरच ऐकलं. घनसावंगीहून लवकर परतलेल्या काकासाहेबाचा आवाज : "कोणाला इचारून काढला?" काहीतरी आपटलं. आणि केशरबाईचा आवाज, फोनपासून जरा लांब, पण स्वच्छ : "वायरीला हात लावू नका. मी बोलून राह्यले."

मंठ्यात प्रभावतीनं आईचा हात धरला. द्वारकाबाई फोनजवळ वाकली.

"काकासाहेब, ऐक. मी तुझी आई बोलते. वायर तोडायची तर तोड. पण मग तू एकटाच राहशील. आम्ही सगळ्या इकडं हाव. मी चार दिवसांनी येणार हाय. आन पुढच्या बाजाराला प्रभा, जावाई, नातू आन माझ्या ईनबाई आपल्या घरी जेवायला येणार हायेत."

"ती आली तर मी घराबाहेर जाईन."

"जा," द्वारकाबाई म्हणाली. "संध्याकाळी परत ये. भाकरी झाकून ठेवते."

मग काकासाहेबाच्या चपलांचा आवाज लांब गेला. वायर कोणी ओढली नाही.

मच्छिंद्रनं केशरबाईचं नाव दोनशे सात म्हणून घातलं. काकासाहेबानं तो फोन पुन्हा कपाटात ठेवला नाही, पण रविवारी नऊ वाजले की तो शेताकडं निघून जातो. प्रभावतीशी तो अजून बोलत नाही. पोरीची सोयरीक एका ठिकाणी मोडली, दुसऱ्या ठिकाणी जुळली. जुळली त्यांना द्वारकाबाईनं पहिल्याच बैठकीत सगळं सांगितलं होतं.

बाजाराचा दिवस तिनं मुद्दाम निवडला होता. मंठ्याची माणसं आली तेव्हा तिनं त्यांना मागच्या गल्लीनं नेलं नाही. स्टँडवरून बाजाराच्या मधून नेलं, भाज्यांच्या, मिरचीच्या, बांगड्यांच्या पालांमधून. तोंडावर पदर नव्हता. नातवाचं बोट तिच्या हातात होतं. वांग्याच्या ढिगामागं बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "द्वारके, कोण गं पाव्हणे?"

द्वारकाबाई थांबली. आजूबाजूच्या चार पालांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "ही माझी धाकटी लेक प्रभावती. हे जावाई. आन ह्या मंठ्याच्या माझ्या ईनबाई."

म्हातारीनं कांताबाईकडं, मग प्रभावतीकडं पाहिलं. शेजारचा मिरचीवाला मान खाली घालून तराजू पुसायला लागला. मग म्हातारीनं दोन वांगी जास्तीची टाकली आणि म्हणाली, "पोरगं रामरावावर गेलंय."

काकासाहेबाच्या दुकानाचं शटर ऐन बाजारात बंद होतं. द्वारकाबाईनं भाजीची पिशवी त्याच्या पायरीवर टेकवली. "थांबा जरा," ती म्हणाली, "दम लागला." सगळे थांबले. कांताबाई तिच्या शेजारी पायरीवर बसली. दोघी तिथं बसल्या, रस्त्याकडं तोंड करून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत राहिल्या.